अमेरिकेत धार्मिक संघटनेला अख्खं अम्युझमेंट पार्क भाड्याने घेता येतं का?

हो, येतं, आणि त्यात गैर काही नाही. गर्दी कमी असलेला दिवस किंवा नेहमीची वेळ संपल्यानंतरची रात्र पार्कवाले कंपन्यांना, शाळांना देतात, तशीच चर्चला, मशिदीला किंवा ज्यूंच्या सिनेगॉगलाही (प्रार्थनास्थळालाही) देतात. न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर या पार्कमधला ‘मुस्लिम फॅमिली डे’ हे ठळक उदाहरण. हलाल जेवण आणि नमाजाची जागा, दोन्हींची सोय तिथे असते.

अशा दिवशी पार्क इतरांसाठी बंद असलं की काही जण विचारतात, ‘मग आमच्यावर बंदी का?’ ही तक्रार मला पटत नाही. एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी पार्क घेतलं, तर कुणी असं विचारत नाही. उलट 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार करमणुकीच्या सार्वजनिक ठिकाणी धर्मावरून भेदभाव करता येत नाही. चर्चला हो आणि मशिदीला नाही, असं चालणार नाही.

डिस्ने वर्ल्डची ‘नाइट ऑफ जॉय’ मात्र वेगळी. ख्रिस्ती संगीताचा तो कार्यक्रम 1983 पासून डिस्नेच भरवत असे. ते भाड्याने देणं नव्हे.

आयोजक असाल तर राइडचे नियम आधी लेखी घ्या. 2011 च्या ईदला न्यूयॉर्कजवळच्या राय प्लेलँड या पार्कमध्ये हिजाब घातलेल्या स्त्रियांना काही राइडवर बसू दिलं नाही, कारण डोक्यावर काही घालून बसायला सुरक्षेसाठी मनाई होती. वाद चिघळला, अटका झाल्या. सणाच्या दिवशी लेकराबाळांसह आलेल्या कुटुंबांना हे फाटकावर कळणं फार वाईट. तिकिटासोबतच नियम प्रत्येक घरी पोचवा.