वनौषधींच्या ट्यूबसाठी तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरावेत का?

सोळा दुभत्या गायी असलेल्या एका गोपालकाचे पत्र आले आहे. कासदाहावर (जिवाणूंमुळे कासेला येणाऱ्या सुजेवर) प्रतिजैविकांऐवजी सडात सोडायच्या वनस्पतीजन्य औषधाच्या ट्यूब आणि लेप पुरवणारा एक विक्रेता त्यांच्याकडे तीन वर्षांचे पैसे आगाऊ मागत आहे. ही रक्कम तीन महिन्यांच्या दूधविक्रीएवढी असून ती अडीअडचणीसाठी राखलेल्या ठेवीतून काढावी का, असे त्यांनी विचारले आहे.

काढू नये. प्रतिजैविकांच्या उपचारानंतर टाकून द्यावे लागणारे दूध वाचेल आणि त्यातच सारे वसूल होईल, असे आपल्याला सांगितले गेले आहे. आपल्याच आकड्यांनुसार गेल्या वर्षी पाच गायींचे प्रत्येकी सहा दिवसांचे, रोज बारा लिटरप्रमाणे, म्हणजे ३६० लिटर दूध टाकावे लागले. ते सगळे वाचले, असे धरले तरी तीन वर्षांत जेमतेम १,१०० लिटर होतात. आपण मोजणार आहात सुमारे १७,००० लिटरांची किंमत. असा करार गळी उतरवणाऱ्याला गायीच्या आरोग्याची चिंता आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.

वनौषधींविषयी माझा आकस नाही. ओव्याच्या तेलातील थायमॉल प्रयोगशाळेत जिवाणू मारते, हे खरे आहे. परंतु कासेत दुधातील स्निग्धांश आणि प्रथिनांमुळे अशा तेलांचा जोर बराच कमी होतो. शिवाय कासदाह करणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा सौम्य संसर्ग अनेकदा आपोआप बरा होतो आणि श्रेय शेवटी लावलेल्या लेपाला मिळते. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर टाळायचाच असेल, तर उपचारापूर्वी दुधाचा नमुना तपासून जिवाणू ओळखावा आणि औषध द्यायचे की नाही हे पशुवैद्यकाने ठरवावे.

मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या दोन वाक्यांची: सगळ्या गायींच्या एकत्रित दुधात दैहिक पेशी (कासेला संसर्ग झाला की दुधात वाढणाऱ्या, मुख्यतः पांढऱ्या पेशी) मिलिलिटरमागे ४ लाख येतात, आणि दूधयंत्राचे रबरी लायनर (सडावर बसणाऱ्या नळ्या) तीन वर्षांपूर्वी यंत्र घेतल्यापासून तेच आहेत. यंत्राच्या चार दोहनसंचांवर सोळा गायी दोन वेळा, म्हणजे प्रत्येक संचावर रोज आठ दोहने. तीन वर्षांत ८,७०० हून अधिक. रबरी लायनर साधारण २,५०० दोहनांनंतर, म्हणजे आपल्याकडे दहा महिन्यांनी, बदलायला हवेत. जुन्या रबराला आतून बारीक भेगा पडतात, त्यांत दुधाचा थर आणि जिवाणू साचतात, रबर सैल पडून सडाच्या टोकाला इजा होते आणि एका गायीचा संसर्ग दुसरीकडे जातो.

एका गायीच्या दुधात पेशी २ लाखांवर गेल्या की सुप्त, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या, कासदाहाची शंका घ्यावी. आपल्याकडे तर सरासरीच ४ लाख आहे. अशा स्थितीत गायीमागे रोज एक लिटर घटते, असे सावधपणे धरले तरी वर्षाला सुमारे ५,८०० लिटर होतात, टाकलेल्या दुधाच्या सोळापट. हे दूध आपण कधी पाहिलेच नाही, म्हणून ते तोट्यात धरलेही नाही.

ठेव तशीच राहू द्या. या महिन्याच्या दूधविक्रीतून सगळे लायनर बदला, यंत्राचा निर्वात दाब (दूध ओढून घेणारा जोर) तपासून घ्या, दोहनानंतर लगेच प्रत्येक सड जंतुनाशक द्रावणात बुडवा आणि प्रत्येक गायीची पेशीसंख्या स्वतंत्रपणे मोजून घ्या. दोन महिन्यांनी ते सोळा आकडे मला पाठवा. त्यांत दोन-तीन गायी पुन्हा पुन्हा वर येत असतील, तर त्या ठेवाव्यात की काढाव्यात याचा हिशेब तेव्हा मांडू.