वेगळा माठ

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेसमध्ये शिष्यवृत्तीवाल्या मुलींना वेगळं बसवतात म्हणून तुम्ही ताटावरून उठलात. आता रेक्टर म्हणतात, तुमच्या बाजूला नवी टेबलं आणि पंखे देतो, प्रकरण मिटवा. आणि तू विचारतेस, ‘सर, घ्यावं का?’

नको घेऊस. वेगळं ठेवून दिलेली सोय घ्यायची नाही.

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलची बार्बरा जॉन्स सोळा वर्षांची होती. काळ्या मुलांची मोटन शाळा 180 जणांसाठी बांधलेली, त्यात साडेचारशेच्या वर मुलं. जास्तीचे वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत, पावसात गळणाऱ्या. 23 एप्रिल 1951 ला मुख्याध्यापकांना खोट्या फोननं बाहेर काढून तिनं अख्खी शाळा सभागृहात जमवली. संप दोन आठवडे चालला. मागणी होती चांगल्या इमारतीची. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी सांगितलं, इमारतीसाठी आम्ही लढणार नाही; वेगळ्या शाळाच नकोत असं म्हणणार असाल तर उभे राहू. पोरं कबूल झाली. 117 विद्यार्थ्यांच्या वतीनं दावा लागला. तू तर त्यांच्या दुसऱ्या पायरीवरून सुरुवात केलीस, मग आता पहिलीवर का उतरतेस?

पुढचं नीट वाच. 1953 मध्ये काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, नवी कोरी शाळा बांधून दिली. काळ्यांसाठी, वेगळी. तरी दावा मागे घेतला नाही. सरकारी शाळांत वंशावरून मुलं वेगळी बसवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या ब्राउन निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक तो.

किंमत लपवत नाही. जिवाच्या भीतीनं बार्बराला माँटगोमेरीला काकांकडे धाडावं लागलं. 1959 मध्ये, मुलं एकत्र बसवण्यापेक्षा काउंटीनं सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या, पाच वर्षं. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्यांच्या कित्येक मुलांचं शिक्षण तिथेच तुटलं. हे वाचलं की माझाही हात थबकतो. पण शाळांना कुलूप पोरांनी लावलं नव्हतं.

आमच्या वसतिगृहात पाण्याचा माठ वेगळा होता, फुटका. आम्ही तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी नवा माठ आला, आणि आंदोलन मागे घेतल्याच्या कागदावर पहिली सही माझी. माठ वेगळाच राहिला. परीक्षा तोंडावर होती, वडलांचं काम सुटलेलं, धाकटी बहीण शिकत होती. मी एकटा अडून काय होणार होतं? चाळीस वर्षं हेच सांगतोय स्वतःला. त्या माठातलं पाणी गार होतं गं, आणि आम्ही ते मुकाट प्यायलो.

म्हणून तुझ्यावर चिडतो. पंख्याचा वारा कुणाला नको असतो! पण वेगळं ठेवून दिलेली सोय घ्यायची नाही.

सही केली नसशील तर कागद घेऊन रविवारी ये. केली असलीस तरी ये.

तुझा,
सर