मांजरी गावची मुलगी, आजीचं बी आणि मुळा-मुठा

पुण्याजवळच्या मांजरी गावाहून एका आईचं पत्र आलंय. शेत मुळा-मुठेच्या काठाला, पालेभाज्यांचं. मुलगी बारावी सायन्सला आहे. आजीच्या मडक्यांतल्या जुन्या बियाण्यांच्या ती वहीत नोंदी ठेवते आणि नदीत मासे मरून तरंगले की तासन् तास काठावर बसून राहते. महिनाभर झाला, घरच्या शेतातली मेथी ती ताटात घेत नाही. "पाहुणे म्हणतात डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दे, आणि हिला बियाण्यांचंही शिकायचंय, नदीचंही. दोन्ही डगरींवर हात ठेवून कसं चालेल?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेकीचे हात दोन डगरींवर नाहीत. डगर एकच आहे, ती दोन बाजूंनी चढतेय.

जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाच्या खाणीतलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी जड धातू, त्या नदीत उतरलं, तिथून भातखाचरांत आणि भातातून माणसांच्या अंगात. हाडं इतकी ठिसूळ व्हायची, की रोगाचं नावच 'इताई-इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. ही झाली नदीची बाजू. आता बियाण्याची बघा. भाताचे सगळे वाण सारखं कॅडमियम ओढत नाहीत. मँगनीज आत घ्यायला मुळांत जणू एक दार असतं, ते एका जनुकामुळे घडतं, आणि कॅडमियम त्याच दाराने घुसतं. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्यांच्या आवडत्या कोशिहिकारी भाताची, हा जनुक निकामी झालेली रोपं दाखवली. त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरतच नव्हतं.

कोणत्या वाणात कोणता गुण दडलाय, हे गरज पडेपर्यंत कळत नाही. आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने सुवासिक आंबेमोहर आणि आयआर-८ या भाताच्या दोन वाणांच्या संकरातून इंद्रायणी काढला. शेतकऱ्यांनी आंबेमोहर टिकवलाच नसता तर तो वास आणायचा कुठून? आजीची मडकी म्हणजे नुसती हौस नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

माशांबद्दल मात्र तिला एक नीट समजावून द्यायला हवं. एका रात्रीत मासे तरंगतात ते बहुतेक वेळा सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून. जड धातू असा गाजावाजा करत नाहीत. शिसं, कॅडमियम, पारा कुजून नाहीसे होत नाहीत. तळच्या गाळात बसतात, माशांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात साठत जातात. पारा तर लहान माशातून मोठ्या माशात, तिथून पक्ष्यात वाढत जातो. गळून पडलेल्या पिसातसुद्धा तो मोजता येतो, पक्ष्याला इजा न करता. तुमच्या काठावरून गेलेलं पाणी पुढे भीमेतून उजनी धरणात जातं, भिगवणचे पक्षी त्याच फुगवट्यावर जगतात. तिला कामाला आयुष्यभर पुरेल एवढा प्रदेश दाराशी आहे.

आता शिक्षण. माझं मत स्पष्ट आहे: बीएस्सी ॲग्री. चार वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर, कॉलेज पुण्यातच. वनस्पती प्रजनन आणि मृदाशास्त्र दोन्ही एकाच पदवीत शिकायला मिळतात, निवड एमएस्सीला करता येते. माशांकडेच ओढा राहिला, तर साध्या बीएस्सीला प्राणिशास्त्राबरोबर रसायनशास्त्र घेऊ दे. वाट कुठलीही असो, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र सोडू देऊ नका. ज्याला मोजता येतं, त्याचं म्हणणं नाकारणं अवघड जातं.

पैशाचं लपवत नाही. संशोधनात कायमच्या जागा थोड्या, पीएचडीला वर्षं जातात. मधल्या काळात अन्न, माती, पाणी तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांत नोकऱ्या असतात, पण सुरुवातीचा पगार मोठा नसतो. एवढं ऐकूनही ती ठाम असेल तर 'नीट'साठी जोर करू नका. मन नसताना दिलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत.

राहिली मेथी. पालेभाज्या फळभाज्यांपेक्षा कॅडमियम जास्त घेतात, त्यामुळे तिची शंका वेडेपणाची नाही. पण अंदाजावर घाबरायचंही नाही आणि अंदाजावर खायचंही नाही. तुमच्याकडची मृदा आरोग्य पत्रिका काढून पाहा. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच), जस्त, लोह असे बारा घटक असतात. शिसं आणि कॅडमियम नसतात. ते वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात. माती, विहिरीचं पाणी आणि मेथीची एक जुडी, तिन्ही नमुने तिच्याच हातून द्या. पाण्यासाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच मागा, घरचा तांब्या वापरू नका. अहवाल आला की आधी तिला वाचू द्या, मग तिला घेऊन माझ्याकडे या. येताना ती बियाण्यांची वही आणायला सांगा.