म्हातारा बंड्या आणि दहा वर्षांचा मुलगा

प्रिय ताई,

तुमचा कुत्रा बंड्या तेरा वर्षांचा झालाय, मागचे पाय थकलेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. रात्री दोनदा उठून तुम्ही त्याला धरून बाहेर नेता. यजमान म्हणतात, ‘कुत्र्यासाठी इतकं कोणी करतं का?’ आणि दहा वर्षांचा मुलगा ‘बंड्या मरणार का?’ असं विचारतो, तेव्हा ‘छे, काहीतरीच काय!’ म्हणून तुम्ही विषय बदलता. आपलं काही चुकतंय का, असं तुम्ही लिहिलंय.

सेवेत काही चुकत नाही. जर्मनीतल्या ओबरकासेल इथे १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि सोबत कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणा तपासून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला, की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांना होणारा जीवघेणा आजार झाला होता आणि तरी ते काही आठवडे जगलं. माणसांनी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय ते जगणं शक्य नव्हतं. शिकारीला त्याचा काडीचाही उपयोग नसताना कुणीतरी त्याच्या उशाशी बसलं होतं. तुम्ही त्यांच्याच वाटेवर आहात, ताई.

मुलाशी खोटं बोलणं मात्र थांबवा. तो जन्मला तेव्हापासून बंड्या घरात आहे. बंड्याचे पाय लटपटतात हे मुलाला दिसतंच. आई लपवते हे कळलं, की पोर एकटंच घाबरत राहतं. ‘हो, एक दिवस बंड्या मरेल. कधी, ते आपल्याला ठाऊक नाही. तोवर आपण त्याचं सगळं नीट करू,’ एवढं सांगा. रडला तर रडू द्या, तुम्हीही रडा. ‘तो कायमचा झोपेल’ असं सांगू नका, मुलं मग झोपेलाच भितात. पाण्याचं भांडं भरायचं काम त्याच्याकडे द्या. बंड्याला कमी दिसतं, म्हणून आधी हाक मारायची आणि मग हात लावायचा, हेही शिकवा. दुसऱ्याच्या कलानं घ्यायला यापेक्षा चांगलं कुठे शिकणार तो?

आणि आनंद संपला, असं कशाला धरून चालता? डोळे, कान मंदावले तरी कुत्र्याचं नाक बराच काळ साथ देतं. फेरी वीस पावलांची झाली तरी चालेल, पण पट्टा ओढू नका. एका झुडपापाशी पाच मिनिटं हुंगत थांबला तर थांबा. पूर्वी कसा धावायचा, ही हळहळ तुमची आहे. त्याला समोरचा वास पुरतो.

घरात फरशीवर सतरंज्या टाका, फर्निचर हलवू नका. रात्री तो धापा टाकत असेल, एकच सांधा चाटत असेल, तर दुखतंय असं समजून डॉक्टरांकडे न्या. आपल्या औषधांतली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनानं देऊ नका, ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

त्याला जगणं असह्य झालं तर काय करायचं, हेही डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. ऐन वेळी डोकं चालत नाही. त्या भेटीला यजमानांना सोबत न्या, आणि रात्रीची एक पाळी त्यांच्याकडे सोपवा.