आधी एमबीबीएस, मग हाडं?

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी झाली. नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क पडले नाहीत. तिला जीवाश्म आणि भ्रूण अभ्यासून पृष्ठवंशी प्राण्यांची शरीरं कशी घडत गेली ते शोधायचंय. वडिलांनी लातूरच्या रिपीटर बॅचची फी भरून टाकलीय. ‘आधी डॉक्टर होऊ दे, मग हवी तेवढी हाडं बघ म्हणावं. अ‍ॅनाटॉमी तीच ना? तुम्ही तिला समजवा.’

नाही समजवणार. मला मार्कांची काळजी वाटली नाही, पत्राची वाटली. दोन पानांत मुलीचं स्वतःचं एक वाक्य नाही. फी भरल्याचं तिला पावती आल्यावर कळलं, हे तुम्हीच लिहिलंय. रात्री ती माशांच्या भ्रूणांचे व्हिडिओ बघते म्हणून मोबाइल काढून घेता. साहेब, असलं ‘व्यसन’ किती घरांत असतं?

आता ‘अ‍ॅनाटॉमी तीच’ याबद्दल. एमबीबीएसला कानातली हातोडी, ऐरण, रिकीब शिकवतात ती कान बरा करण्यासाठी. ही हाडं आली कुठून, हा प्रश्न तिथे ओझरता येतो. रायशर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1837 साली डुकराच्या भ्रूणात पाहिलं, की हातोडी खालच्या जबड्याच्या कूर्चेच्या मागच्या टोकापासून बनते. सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा सांधा असलेली हाडंच आपल्या कानात हातोडी आणि ऐरण झाली. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गॅन्युकोडॉन या सस्तन प्राण्यांच्या आद्य नातेवाइकाच्या जबड्यात सरपटणाऱ्यांचा जुना आणि आपला नवा, असे दोन्ही सांधे शेजारी-शेजारी दिसतात. तुमच्या मुलीला हे शोधायचंय. त्यासाठी साडेपाच वर्षं औषधं पाठ करणं हा जवळचा रस्ता नाही.

रस्ता म्हणजे आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, नाहीतर बीएस्सी. बीएस्सीला झूऑलॉजीबरोबर जिऑलॉजी मिळेल असं कॉलेज बघा. नुसत्या झूऑलॉजीवर जीएसआयची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) भूवैज्ञानिकाची परीक्षा देता येत नाही. पुढे जीवाश्मांवर संशोधन करणारी लखनौची बिरबल साहनी संस्था आहे. पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म तर कच्छमध्येच सापडलेत, तेव्हा ‘हे सगळं परदेशात’ असंही नाही. जागा मात्र मोजक्या, पीएचडीशिवाय भागत नाही आणि पगार उशिरा सुरू होतो. हे तिलाही स्पष्ट सांगा.

बॅच सुरू व्हायची असेल तर फी परत मिळते का विचारा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण बघायला जास्त आवडेल की उन्हात खडक फोडायला, ते कळल्याशिवाय मला कॉलेज सुचवता येणार नाही.