उशी बदलण्याआधी तिची उंची मोजा

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्यावर मान धरलेली असते आणि दुपारपर्यंत सुटते. झोपता कुशीवर. मेमरी फोमची उशी घेऊन महिना झाला तरी फरक नाही, म्हणून आता उशीच सोडून द्यावी का, असं विचारताय. कुशीवर झोपत असाल तर उशी सोडू नका, हे आधी सांगते.

कूस बदलली की खांदा मध्ये येतो आणि डोकं गादीपासून वर अधांतरी राहतं. ती पोकळी भरून काढणं हेच उशीचं काम. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं असतं. खाली पुरेसा आधार नसला की ते गादीकडे कलतं आणि मानेची वरची बाजू रात्रभर ताणून राहते. उशी फार उंच असली तर नेमकं उलट. दोन्हीकडून मान अवघडतेच.

माझं तेच झालं होतं. मी कित्येक वर्षं दोन उशा एकावर एक ठेवून झोपायचे. उंच उशी म्हणजे जास्त आधार, असं पक्कं वाटायचं. एकदा झोपलेल्या अवस्थेतला फोटो काढून घेतला, तेव्हा दिसलं की डोकं सरळ नाहीच, छताकडे वाकलंय. एक उशी काढली तर फार खाली गेलं. शेवटी एका उशीखाली चौघडी केलेला टॉवेल घातला तेव्हा जमलं. पहिले तीन-चार दिवस चुकल्यासारखं वाटत होतं. मान सकाळी मोकळी राहायला मला दोन आठवडे लागले.

तुम्हीही नवीन काही घेण्याआधी हे करून बघा. फोमची उशी बाजूला ठेवा. घरातली सगळ्यात पातळ उशी घ्या, तिच्याखाली टॉवेलच्या घड्या घाला आणि नेहमीच्या कुशीवर, नेहमीच्याच गादीवर झोपा. खांदा गादीवर हवा, उशीवर नको; उशीवर येते ती फक्त मान आणि डोकं. आता कुणाला तरी कॅमेरा गादीच्या पातळीला धरून समोरून फोटो काढायला सांगा. नाक, हनुवटी आणि गळ्याखाली छातीच्या हाडावरची खळगी एका सरळ रेषेत यायला हवी, आणि ती रेष गादीला समांतर. नाक गादीकडे झुकलं असेल तर एक घडी वाढवा, छताकडे गेलं असेल तर एक काढा. जमलं की तसंच पडून राहून गादीपासून गालापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून घ्या. उशी घ्यायला जाताना हाच आकडा सोबत न्यायचा.

हा आकडा डोकं ठेवल्यावर उरणाऱ्या उंचीचा आहे. दुकानात आपण हाताने दाबून मऊ की कडक एवढंच बघतो आणि उंची राहून जाते. मेमरी फोम तर उबेने मऊ होतो, म्हणजे डोकं टेकवल्यावर पहिल्या मिनिटाला जी उंची असते ती थोड्या वेळाने राहत नाही. शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं त्यावर पडून मगच ठरवा. गादीचाही हिशेब धरा. मऊ गादीत खांदा रुततो, पोकळी कमी होते, मग उशी कमी उंचीची लागते. गादी बदलली की हे माप पुन्हा घ्यावं लागतं.

कशाची घ्यायची हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. कापूस दबत जातो आणि त्याच्या गाठी होतात. लेटेक्स दाबलं तरी लगेच वर येतं, त्यामुळे उंची बऱ्यापैकी टिकते. मी सुचवेन ती चेन असलेली उशी, जिच्यातलं भरण काढता-घालता येतं, कारण माप थोडं चुकलं तरी घरी दुरुस्त करता येतं.

उताणं झोपणाऱ्यांना याहून कमी उंची लागते. हनुवटी छातीकडे दबली की उशी जास्त झाली असं समजा. पालथं झोपताना मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली राहते, तिथे उशी जेवढी पातळ तेवढी बरी, आणि सवय मोडता आली तर उत्तमच.

अजून एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. कुशीवर असताना वरचा हात पुढे लोंबतो आणि खांद्याला, पर्यायाने मानेला ओढतो. छातीशी एक उशी घेऊन त्यावर हात ठेवा. मला यानेही फार बरं वाटलं.

मात्र हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, पकड ढिली वाटत असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर उशीचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मान आखडून सोबत ताप असेल तर ताबडतोब जा.

यातलं काही नसेल तर चार रात्री टॉवेलवर काढा, आणि किती घड्या लागल्या व मान कशी आहे ते इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगते.