पत्नी २२ आठवड्यांची गरोदर, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल झडपेचं, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं, तोंड १.२ चौ. सेंमी. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये बाळंतपण चालेल का? बाळालाही हृदयरोग होईल का?

नर्सिंग होम नको. निरोगी झडप ४ ते ६ चौ. सेंमी. उघडते, १.५ किंवा त्याखाली आली की आकुंचन तीव्र धरतात. आजवर त्रास झाला नाही यावर विसंबू नका. गरोदरपणात रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं आणि ते २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोचतं. तो काळ अजून यायचा आहे.

सगळा खेळ नाडीचा आहे. अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळ लागतो. नाडी वाढली की नेमका तोच वेळ कमी होतो, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. म्हणून डॉक्टर बहुधा नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलॉल ही गोळी देतील. बाळाच्या काळजीपोटी घरचेच ही गोळी बंद करतात, ते अजिबात करू नका. या गोळीने बाळाचं वजन थोडं कमी राहू शकतं, त्यासाठी वाढीची सोनोग्राफी करत राहतात. ताप आणि रक्तक्षयानेही नाडी वाढते, तेव्हा हिमोग्लोबिन ११ च्या खाली जाऊ देऊ नका. गर्दीच्या वेळची लोकल आणि स्टेशनचे जिने आता बंद.

आडवं झाल्यावर दम किंवा खोकला, उशा वाढवाव्या लागणं, अचानक अनियमित धडधड, गुलाबी फेसाळ थुंकी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन.

औषधांनी दम आवरला नाही तर मांडीच्या शिरेतून फुग्याने झडप रुंद करतात. २० आठवड्यांनंतर, पोटावर शिशाचं आवरण ठेवून हे करता येतं. मात्र झडपेची गळती फार नको आणि डाव्या कर्णिकेत (झडपेच्या वरच्या कप्प्यात) रक्ताची गुठळी नको.

फक्त झडपेसाठी सिझर लागत नाही. एपिड्यूरल (कमरेतून कळा बधिर करणारं इंजेक्शन) देऊन, शेवटी व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून जोर कमी करायला लावतात. खरा धोका त्यानंतर. गर्भाशय आकसलं की तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं आणि बाळंतपण सुखरूप झालं म्हणून सगळे निर्धास्त असताना फुप्फुसात पाणी भरतं. पहिले दोन-तीन दिवस सलाईन मोजून, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन हळूहळू, त्याच कामाचं मेथर्जिन टाळायचं. नर्सिंग होमला नाही म्हणण्याचं कारण हेच. रात्री तीनला हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू एकाच इमारतीत हवेत. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत हृदयरोग आणि प्रसूती दोन्ही विभाग आहेत; नाव याच आठवड्यात नोंदवा. सोबत इकोचा पूर्ण रिपोर्ट न्या, ग्रेडियंट (झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक) आणि फुप्फुसातल्या दाबाचे आकडे ते आधी पाहतील.

बाळाचं म्हणाल तर, आपल्याकडे हा आजार बहुतेक वेळा लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापातून (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, झडपा खराब करणाऱ्या तापातून) येतो आणि तो बाळाकडे जात नाही. बाळाला धोका वेळेआधी जन्माचा आणि कमी वजनाचा. हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू असेल तर ते गरोदरपणातही चुकवू नका. पुढे गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळून कॉपर-टीबद्दल विचारा, आणि दुसरं मूल झडपेचा इलाज झाल्यावरच.